दिवा बंद असलेलं दार

डी मॉइन, ८ ऑक्टोबर

कोरीन,

तुझं कार्ड मिळालं. तुमच्या त्या ओमाहाच्या व्यसनमुक्तीच्या घरात फोन हातात देत नाहीत हे माझ्या दृष्टीने बरंच आहे. फोनवर आपण दोघी किती वेळ नीट बोलतो हे दोघींनाही ठाऊक आहे. तुझी सवय काही गेली नाही. शेवटच्या ओळीला जागा उरली नाही म्हणून ती कार्डाच्या कडेने वर चढवली आहेस. ती ओळ वाचली मी. तिच्याकडे येते, आधी तुझ्या आर्लोचं सांगते.

औषधं चालू आहेत. जुलैत तुला सांगितलं तेव्हा रक्ताचा कर्करोग हा शब्द माझ्या तोंडून फुटत नव्हता, आता मी तो दूध-पाव म्हणावं तसा म्हणते. डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. केस सगळे गेले. त्याला त्याचं काही नाही. आरशात बघून म्हणाला, "आजी, मी ग्लेंडासारखा दिसतो का?" ग्लेंडा म्हणजे शेजारच्या निळ्या घरात आलेली, तू गेल्यानंतर. तिच्या डोक्यावर चांगले भरपूर केस आहेत. तिच्या मांजराचं नावही ग्लेंडाच असल्याची त्याची समजूत आहे, आणि ते मांजर त्या बिन-केसांच्या जातीचं आहे. ग्लेंडाला सांगितलं तर हसून हसून तिला खोकला लागला.

त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद सध्या नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे बाहेरचं कुणी घरात नको, लहान मुलं तर नकोतच. आम्ही दोघं गॅरेजच्या दाराने गाडीत बसतो, दवाखान्यात जातो, परत येतो. पुढचं दार उन्हाळ्यापासून उघडलेलंच नाही. पण कॅलेंडरवर त्याने तीस तारखेला स्वतःच भोपळ्याचा स्टिकर चिकटवलाय. दूरचित्रवाणीवर पोरं दारोदार हिंडताना दाखवली की तो माझ्याकडे बघतो. काही मागत नाही, नुसता बघतो. तू मागायचीस, पाय आपटून मागायचीस. ते मला सोपं जात होतं.

म्हणून यंदा मागत्यांची रात्र, आपल्या गावची ती हॅलोविनच्या आदल्या दिवशी सोंगं घेऊन, जोक सांगून दारोदार खाऊ मागायची, घरातल्या घरात करायची असं मी ठरवलंय. कशी करायची हे मलाही माहीत नाही. छत्तीस वर्षं शाळेची बस चालवली, पोरं गप्प कशी बसवायची हे येतं, नाचवायची कशी हे विसरले.

त्याचे पाय पांढऱ्या रंगात बुडवून काळ्या कागदावर ठसे घेतले आम्ही. टाच वर धरली की भूत होतं, बोटांच्या जागी भुताच्या झग्याची झालर. डोळे त्याने स्वतः काढले. एक भूत तुझ्यासाठी पाठवते आहे. पाय मोठा झालाय ना त्याचा?

कडेच्या ओळीबद्दल पुढच्या पत्रात.

आई


डी मॉइन, १७ ऑक्टोबर

कोरीन,

भोपळा रद्द झाला. दवाखान्यातल्या नर्सने खऱ्या भोपळ्याला बंदी केली, त्याला माती असते, बुरशी असते. गवताच्या पेंढ्या नकोत, मक्याची वाळलेली ताटं नकोत, झाडाची पानंही नकोत. सुरी तर चार वर्षांच्या पोराच्या हाती मी तशीही दिली नसती. मग राहिलं काय, म्हणून मी तुझ्या बाबांचं कपाट उघडलं. त्यांचं हरणाच्या शिकारीचं ते भडक नारिंगी जाकीट आठवतं? ते धुऊन काढलं, त्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबली, बाह्यांच्या भोकांना टाके घातले, गळ्याला हिरवी दोरी बांधली. आर्लोने काळ्या चिकटपट्टीचे दात लावले. त्याच्या पोटात बॅटरीवरची मेणबत्ती ठेवतो. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, "माझं जाकीट शेवटी कामाला आलं, हरीण तर कधी मिळालं नाही."

ते जाकीट धुताना मी रडले. तुला सांगायला हरकत नाही.

कागदाची वटवाघळं कापली, बोथट कात्रीने. तो कापतो तेव्हा वटवाघळाला कधी एक पंख, कधी तीन. ती भिंतींवर चिकटवली. संध्याकाळी दिवे मालवून टॉर्च घेऊन शोधायची. स्वतःच चिकटवलेली वटवाघळं पुन्हा शोधताना त्याला दरवेळी नवल वाटतं.

सोंग कचऱ्याच्या गाडीचं आहे. मंगळवारी गाडी येते तेव्हा तो खिडकीत असतो आणि गाडीवाला त्याच्यासाठी मुद्दाम भोंगा वाजवतो. खोक्याची गाडी केली, हिरवी रंगवली. ती मागे घेताना तो तोंडाने टुंई टुंई करतो. दवाखान्यातही करतो. परवा रक्त काढायला नर्स आली तर हा पलंगावर मागे सरकत टुंई टुंई करत राहिला. ती थांबली, बाजूला झाली, म्हणाली, "गाडी लागली का नीट?" मग याने हात पुढे केला.

आता घरातल्या सगळ्या दारांवर टकटक करायची असं ठरलंय. स्वयंपाकघर, न्हाणीघर, तळघर, माझी खोली, चादरींचं कपाट. प्रत्येक दारामागे मी. दरवेळी वेगळी टोपी घालून. माझ्या गुडघ्याला हे अजून कळवलेलं नाही. खाऊ म्हणजे पुडिंग आणि स्टिकर, कारण तोंडात फोड आलेत, कडक गोळ्या चालणार नाहीत.

आणि जोक सांगितल्याशिवाय खाऊ नाही. त्याला कुठूनसं कळलंय की बाकीच्या गावांत पोरं जोक न सांगताच गोळ्या घेतात. "मग ती चोर आहेत का?" असं विचारत होता. त्याचा स्वतःचा जोक असा आहे: कचऱ्याची गाडी काय खाते? कचरा. याच्यावर तो स्वतःच जमिनीवर लोळतो. मी म्हटलं दुसरा शिकवते, तर नको म्हणतो. तुझा तो जोक मी त्याला सांगितलेला नाही. पाच वर्षांची होतीस, बाबांच्या हातून आईस्क्रीम पडलं तेव्हा तू तो स्वतः रचलास. भुताला आईस्क्रीम दिलं तर काय होतं? फरशी पुसावी लागते. अख्ख्या गल्लीला ऐकवून तू वीट आणला होतास. तो जोक तुझा आहे, मी कशाला सांगू.

दिव्याचा नियमही शिकवला. दारावरचा दिवा चालू असेल तर टकटक करायची. दिवा बंद असेल तर चुपचाप पुढे जायचं, घरात माणसं दिसली तरी. का म्हणून त्याने खूप छळलं. मी म्हटलं, घरातल्या माणसांना आज कुणी यायला नको असतं, आपण मान द्यायचा. तुलाही हेच शिकवलं होतं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिस्टर डकीच्या घरी टीव्ही मोठ्याने चालू होता, बाबा म्हणाले, "आहे तो आत, वाजव बेल." तू त्यांचा हात धरून ओढलंस. "बाबा, दिवा बंद आहे ना. चला." बाबा ही गोष्ट येईल त्याला सांगायचे.

कागद संपत आला. तू विचारलंस ते विसरले नाही मी.

आई


डी मॉइन, २९ ऑक्टोबर

कोरीन,

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी तू प्रश्न कडेने लिहिला नाहीस, मधोमध लिहिलास. "तीस तारखेची एक दिवसाची सुट्टी मिळते, मी येऊ का? आत येणार नाही. पायरीवर उभी राहून त्याला काचेतून बघीन."

हे वाचून मी भांडी घासली. मग घासलेली भांडी पुन्हा घासली.

तू रागावशील, पण एकदा लिहून टाकते. मे महिन्यात त्याचा वाढदिवस होता. तू येणार म्हणून सांगितलंस, मी त्याला सांगितलं. तो त्या खिडकीत बसला, केक कापू देईना. "आई आल्यावर." ग्लेंडा म्हणाली, "अहो, कापून टाका ना, पोरगं पेंगायला लागलं." मी सुरी घेऊन उभी, आणि त्याने केकवर दोन्ही हात ठेवले. झोपेत उचलून नेला तेव्हा हाताला साखर लागलेली होती. तू त्या नशेच्या गोळ्यांच्या पायी आली नाहीस हे मला कळतं. ते चार वर्षांच्या पोराला कसं सांगायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता तो आजारी आहे. काचेतून तुला बघितलं आणि मग तू पुन्हा दिसली नाहीस, तर? ही एकच गोष्ट माझ्या मनात घोळते आहे. तू बरी होते आहेस हे मला दिसतं, अक्षरातसुद्धा दिसतं. माझा तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. माझ्या अंगात पुन्हा तो केक उचलायची ताकद नाही.

परवाच्या रक्ततपासणीत त्याच्या पांढऱ्या पेशींचे आकडे पार तळाला गेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, कुणालाही दारापाशीसुद्धा येऊ देऊ नका. उद्या गल्लीभर पोरं असणार, त्यामुळे मी दारावरचा दिवा बंद ठेवणार आहे. एवढ्या वर्षांत या घराचा दिवा त्या रात्री पहिल्यांदाच बंद असेल. बाबा गेले त्या वर्षीही मी लावला होता.

तू येणार नाहीस असं मी धरून चालले आहे. मी ये म्हटलेलं नाही, आणि कुणी ये म्हटल्याशिवाय जायचं नाही ही तुझी लहानपणापासूनची रीत आहे. पण नको असंही मी म्हणत नाही हं. आकडे वर येऊ देत, मग

उठला तो. टुंई टुंई चाललंय. उद्या पुरं करते.


डी मॉइन, ३१ ऑक्टोबर

कोरीनबाळ,

वरचं पत्र टाकलेलं नाही. याच्याबरोबरच टाकते, म्हणजे माझं डोकं किती उशिरा चालतं ते तुला दिसेल.

काल रात्र छान झाली. खरंच छान झाली. मी तळघराच्या दारामागे कामगाराची टोपी घालून उभी राहिले, न्हाणीघरात टॉवेलचा फेटा बांधून, माझ्या खोलीत बाबांची हॅट घालून. प्रत्येक दारी तोच कचऱ्याचा जोक आणि प्रत्येक दारी त्याचं तेच लोळणं. मी दारामागून म्हणायचे, "कोण आहे?" तो म्हणायचा, "कचरा आहे का कचरा?" बाहेर पोरांचा गोंगाट ऐकू येत होता. पडदे लावले होते, दिवा बंद होता, कुणी आलं नाही.

शेवटचं दार चादरींच्या कपाटाचं. मी त्यात अंग चोरून बसले, गुडघा दुमडेना, वर दार ओढून घेतलं. तो येईचना. बराच वेळ. मी आतून हाक मारली, तर तिकडून ओरडला, "थांब गं, मी कामावर आहे." शेवटी आला, जोक सांगितला, पुडिंग घेतलं. मला वाटलं खोकं दारात अडकलं असेल.

आज सकाळी तो लापशी खात होता. चमचा खाली ठेवून म्हणाला, "आजी, भुताला आईस्क्रीम दिलं तर काय होतं?"

मी म्हटलं, "काय होतं?"

"फरशी पुसावी लागते." आणि लोळायला लागला, खुर्चीतच.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "कुणी सांगितला हा तुला?"

"दाराने."

"कुठल्या दाराने?"

"पुढच्या. मी टकटक केलं. तू म्हणालीस ना सगळ्या दारांवर. मी म्हटलं, जोक सांगा नाहीतर काही नाही मिळणार."

"अरे, जोक तू सांगायचास."

"हो, पण मी विसरलो. मग दाराने सांगितला. त्याचा आवाज बाईसारखा आहे."

"मग?"

"मी हसलो. मग दाराने विचारलं, आजी कुठे आहे?"

"तू काय सांगितलंस?"

"आजी कपाटात लपलीय. आणि दिवा तिनेच बंद केलाय, कुणी येऊ नये म्हणून."

मी विचारलं, दार काय म्हणालं. त्याने आधी तोंडातला घास गिळला, आपल्याला हे शिकवलंय म्हणून. मग म्हणाला, "दार म्हणालं, हो रे राजा, मला माहीत आहे तो नियम."

कोरीन, मी पुढचं दार उघडलं. ते फुगलेलं, खांदा लावावा लागला. पायरीवर काही नव्हतं. ग्लेंडा अंगणातले कागद गोळा करत होती. म्हणाली, "काल तुमच्या पायरीवर एक उंच मुलगी बसली होती, चेक्सचा मोठा कोट घालून. मला वाटलं कुणाची तरी आई, पोरांसाठी थांबली असेल. मी विचारलंसुद्धा, तुमचं कुठलं? डायनासोर का परी? ती म्हणाली, कचऱ्याची गाडी. मग दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा उठून गेली."

चेक्सचा कोट बाबांचा आहे. तो मीच तुला दिला होता.

दिवा तुझ्यासाठी बंद नव्हता. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं, कारण ते पुरतं खरं वाटत नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बंद होता, पोरांसाठी बंद होता. पण तू विचारत होतीस आणि मी भोपळ्याबद्दल लिहीत होते. आता तू त्या दिव्यालाच माझं उत्तर समजलीस, आणि तुला तसं समजायला मीच लहानपणी शिकवलंय. आत आवाज येत होता, पोरगं दारापलीकडे हाताच्या अंतरावर होतं, बेल होती. दुसरी कुणी असती तर वाजवली असती.

हे पत्र आजच टाकते. ग्लेंडाला बसवते खिडकीबाहेर पोराकडे बघायला आणि स्वतः पेटीपर्यंत जाते.

आई


डी मॉइन, ९ नोव्हेंबर

कोरीनबाळ,

तुमच्या घरच्या बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, कोरीन तीस तारखेला गेली ती परत आलीच नाही. तुझं पांघरूण घडी घालून ठेवलंय म्हणाल्या. मी विचारलं, पत्रं आली का? आली, म्हणाल्या, तिच्या उशीवर ठेवली आहेत, भुताच्या कागदाशेजारी. पायाचा तो ठसा तू उशीशेजारच्या भिंतीवर लावला होतास असं त्यांनी सांगितलं. तू बरी होत आली होतीस हेही सांगितलं. मला ते ऐकायचं नव्हतं. मला भीती वाटते, कोरीन. रोज फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घेते, मग उचलते.

त्यांना म्हटलं, हेही पत्र ठेवाल का? ठेवते म्हणाल्या.

आर्लोचे आकडे थोडे वर आलेत. नर्सने कालच सांगितलं, जपून, मास्क लावून, एखादं माणूस आलं तर चालेल. एखादं.

दारावरचा दिवा मी रात्रंदिवस चालू ठेवला आहे. ग्लेंडा म्हणते, "अहो, सण संपला, आता कोण येणार आहे खाऊ मागायला?" मी म्हटलं, राहू दे. तिने मला निरखून बघितलं आणि मग बल्बचं एक जादा खोकं आणून दिलं. शेजारीण म्हणून बरी आहे ती.

नारिंगी जाकीट मी उसवलेलं नाही. ते खिडकीत ठेवलंय, दात लावून.

आणि रोज संध्याकाळी आर्लो पुढच्या दाराशी जातो. आतून टकटक करतो. "जोक सांगा." मग कान लावून उभा राहतो. पहिल्या दिवशी म्हणाला, दार झोपलंय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, दाराला नवीन जोक आठवत नसेल. मी त्याला सांगितलेलं नाही ते दार कोण होतं. सांगावं की नाही, तूच ये आणि सांग.

आज त्याने टकटक केली आणि थांबला. मग माझ्याकडे वळून चिडून म्हणाला, "आजी, त्याला कसं कळणार? मी त्याला सांगितलं होतं ना तू लपलीस म्हणून. तूच सांग त्याला, तू कपाटातून बाहेर आलीस."

मी गुडघ्यावर बसले आणि दाराला तोंड लावून सांगितलं. त्याने मला दोनदा सांगायला लावलं, मोठ्याने, कारण दार जाड आहे.

तुलाही सांगते. मी बाहेर आले आहे, दिवा चालू आहे. ये.

आई